पंचाक्षरीअप्पा आणि न वाचणारी ड्राइव्ह

मुरुमच्या बसस्टँडवरून बाजारपेठेत शिरलं की डाव्या हाताला 'मुरुम केबल दर्शन' अशी ठळक पाटी दिसते. केबलच्या वायरी कधीच्या निघाल्या, दर्शन तर कुणालाच होत नाही, तरी पाटी दर दिवाळीला नव्यानं रंगवली जाते. आत झेरॉक्सचं मशीन आहे, मोबाइलची कव्हरं टांगलेली आहेत आणि काउंटरमागं पंचाक्षरीअप्पा बसलेले आहेत. आधारकार्डाची झेरॉक्स मागायला आलेल्या माणसाकडं ते असं बघतात, की आपण काहीतरी हलकं मागितलं असं त्यालाच वाटावं. मग झेरॉक्स काढून देतात.

सगळ्या जगानं अक्कल गहाण टाकली आहे, हे अप्पांचं आवडतं मत. गावातली पोरं मोबाइलवर बातम्या करतात, त्यांचा विषय निघाला की अप्पांचं नाक वर जातं. "मोबाइल उभा धरत्यात! आरं, देवानं डोळं आडवं दिल्यात का उभं?" हा त्यांचा ठरलेला सवाल. त्याला आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही, कारण समोरच्याला उत्तरापुरती जागा सोडायची अप्पांना सवय नाही.

या तोऱ्याला कारण होतं. वीसेक वर्षांमागं गावात केबल होती, तेव्हा दर आठवड्याचा अर्धा तास अप्पांचा असायचा. जत्रा, शाळेचं गॅदरिंग, पुढाऱ्यांचे सत्कार, मार्केट यार्डातले सौदे, सगळं ते स्वतः शूट करायचे आणि निवेदनही स्वतःच करायचे. घरी 'काय बी बोलू नगं' म्हणणारे अप्पा माइक हातात आला की एकदम छापील व्हायचे. "सदरहू मंगलप्रसंगी अवघा जनसागर लोटला असून..." जनसागर म्हणजे साठ-सत्तर माणसं आणि दोन कुत्री. गाव आपला आवाज ऐकायला टीव्हीपुढं बसतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. गाव बसायचं ते आपण स्वतः कुठं दिसतो का, ते बघायला.

हे सगळं त्यांनी साध्या सीडीवर साठवलं नाही. सीडी काय, कुणीही वापरतं. अप्पांनी हैदराबादला जाऊन बंद पडत आलेल्या एका स्टुडिओतून एक जाडजूड ड्राइव्ह आणली आणि तिच्या डिस्कही निराळ्या. प्रत्येक डिस्क प्लास्टिकच्या चपट्या डबीत बंद. डबीसकट ट्रेवर ठेवायची, डबीसकट आत जायची. असली ड्राइव्ह अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नाही, हे ते ज्याला त्याला छाती फुगवून सांगत. दुसरी नाही याचा अर्थ पुढं काय होणार, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

केबल बंद पडली आणि ड्राइव्ह कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. जुना कॉम्प्युटर प्रेमाबाईंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, भंगारवाल्याला घातला. पण दर खंडेनवमीला ड्राइव्ह खाली उतरायचीच. त्या दिवशी तराजू असो, शिलाई मशीन असो, त्यावर तीन बोटांनी विभूतीचे आडवे पट्टे ओढायची या घराण्याची रीत. ड्राइव्हचं तोंड पडलं अरुंद, त्यावर तीन बोटं मावेनात. मग अप्पा वायर जोडायचे, बटण दाबून ट्रे बाहेर काढायचे, त्यावर ऐसपैस तीन पट्टे ओढायचे, वरून आणखी चिमूटभर विभूती सोडायचे आणि हात जोडून ट्रे आत ढकलायचे. इतक्या वर्षांत त्या ड्राइव्हच्या पोटात एकही डिस्क गेली नाही, नुसती विभूती गेली.

आता नबीलालभाई. यार्डात तुरीचा, उडदाचा सौदा पुकारायचं काम त्यांनी उमेदीची सगळी वर्षं केलं. पोत्यातले मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, तोंडापाशी नेऊन फुंकर मारायची, फोलपटं उडाली की राहिलेला माल डोळ्यांखालून घालायचा आणि मगच बोली सुरू करायची. आवाज असा, की बसस्टँडवर उभ्या माणसाला तुरीचा भाव कळावा. पुढं घशात गाठ निघाली. सोलापूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, स्वरयंत्र गेलं. गळ्याला भोक राहिलं आणि श्वास तिथूनच चालू लागला. त्यावर रुमाल बांधून ते रोज अप्पांच्या दुकानात येऊन बसू लागले. दोघं शाळेपासूनचे दोस्त. पूर्वी दोघंही बोलायचे. आता अप्पा दोघांच्या वाटणीचं बोलतात, आणि खरं सांगायचं तर ही व्यवस्था त्यांना चांगली मानवली आहे.

नबीलालभाईंचा मुलगा अक्रम. त्याची बायको तबस्सुम घरात आली ती ऑपरेशननंतर. सासऱ्याचा आवाज तिनं ऐकलेलाच नव्हता. पाहुणे जमले की कुणी ना कुणी म्हणायचं, नबीचा आवाज म्हणजे काय इचारू नगा! तबस्सुम स्वभावानं भली. ती मान डोलवायची आणि बारीक हसायची. म्हाताऱ्या माणसांचं मन राखायला हसतात, तसं ते हसू. नबीलालभाईंना ते फार लागायचं. त्यांना दुसरं काही नको होतं. एकदा तिच्या कानावर आपला आवाज पडावा आणि तिचं ते हसू थांबावं, एवढंच.

एके दिवशी त्यांची बायको रजियाबी स्वतःच दुकानात आली. नबीलालभाई शेजारी उभे होते.

"भाईजान, पाडव्याच्या मुहूर्ताचा सौदा तुमी शूटिंग केलावता न्हवं? त्यात ह्यांचा आवाज आसंल की."

"आसंल की म्हंजे? हायच!" अप्पांनी कपाट उघडून डबीही काढून दाखवली. "हितं माझ्याकडं सगळ्या गावाचा इतिहास पडलाय, भाबी. ह्या उभ्या मोबाइलवाल्यांकडं न्हाय. परवा या, सूनबाईला घिऊन. दाखवतो."

नबीलालभाईंचे डोळे भरून आले. अप्पांनी मोठ्या मनानं त्यांचा खांदा थोपटला.

तो परवाचा दिवस काही उजाडेना. नव्या कॉम्प्युटरला अप्पांनी ड्राइव्ह जोडली, तर कॉम्प्युटर तिला ओळख देईना. पडद्यावर पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह आलं. ड्राइव्ह चालवायला जे ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर लागतं, ते या नव्या पिढीच्या कॉम्प्युटरकडं नव्हतं. "ह्याला काय येतंय?" अप्पा कॉम्प्युटरला म्हणाले. "परवा जन्मलंय."

मग शोध सुरू झाला. ज्या कंपनीनं ड्राइव्ह बनवली तिच्या साइटवर एक ओळ होती : या उत्पादनासाठी आता मदत उपलब्ध नाही. "इकताना मदत, नंतर हात वर," अप्पा म्हणाले, आणि इथं मात्र त्यांचं बरोबर होतं. एखादी वस्तू जगाला विकायची आणि दहा-पंधरा वर्षांत तिची ओळखही विसरायची, याला धंदा म्हणतात. आपल्याकडचा चहावालासुद्धा जुन्या गिऱ्हाइकाला असं झटकत नाही.

कंपनीनं हाकलल्यावर अप्पा भुरट्या साइटांच्या हवाली झाले. तिथं प्रत्येक पानावर 'डाउनलोड' म्हणून पाच-सहा हिरवी बटणं, आणि त्यातलं खरं कुठलं ते बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. अप्पांनी सगळीच दाबली. ड्रायव्हर आला नाही, पण दुकानाच्या पडद्यावर रमी खेळणाऱ्या बायका आल्या आणि काही केल्या जाईनात. झेरॉक्सला आलेल्या मास्तरांनी मान दुसरीकडं वळवली. लोक आपापल्या अडचणी लिहितात अशा एका जुन्या पानावर अप्पांना हुबेहूब आपलीच अडचण सापडली. लिहिणाऱ्यानं खाली दुसऱ्या दिवशी लिहिलं होतं : सुटला प्रश्न, आभार. कसा सुटला, ते लिहिलंच नव्हतं. "आसली माणसं!" अप्पा ओरडले. "आसल्या माणसांमुळंच जग मागं हाय!"

नबीलालभाई रोज येत, स्टुलावर बसत, पडद्याकडं बघत. संध्याकाळी उठून जाताना भुवया उंचावून विचारत, आज? अप्पा म्हणत, "उद्या."

शेवटी अप्पांनी त्याच पानावर आपलीही अडचण लिहिली, तेव्हा कुठल्याशा थंड मुलखातल्या एका म्हाताऱ्या हौशी माणसानं ड्रायव्हर पाठवून दिला. पिवळा त्रिकोण गेला. अप्पांनी डबी ट्रेवर ठेवली, ट्रे आत गेला, घरघर झाली, आणि पडद्यावर अक्षरं आली : कृपया डिस्क घाला.

"घातलीय की, मूर्खा!"

पुन्हा काढली, पुन्हा घातली. कृपया डिस्क घाला. तेव्हा नबीलालभाईंनी अप्पांचा दंड हलवला. आपला डावा तळहात तोंडापाशी नेला, ओठांचा चंबू केला आणि ड्राइव्हकडं बोट दाखवलं.

अप्पा बघत राहिले. मग त्यांचा चेहरा लाल झाला. "उडालं म्हणतूस? सगळं उडून गेलं? नबी, माझ्या डिस्कवरचं काय बी उडत नसतंय. तू मुकाट बस."

मुकाट बस! ज्या माणसाला दुसरं काही करताच येत नाही, त्याला अप्पांनी हे सांगितलं. नबीलालभाईंनी हात खाली घेतला. दोन दिवस ते दुकानाकडं फिरकले नाहीत. अप्पांना चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण आपल्या बोलण्यात काही वावगं होतं असं त्यांना वाटलं नाही.

आता अप्पांच्या डोक्यात फर्मवेअर शिरलं. ड्राइव्हच्या आत तिचा स्वतःचा एक प्रोग्राम असतो, तो बदलला की ड्राइव्ह न वाचणाऱ्या डिस्कही वाचते, असं कुठंसं त्यांनी वाचलं. त्यांनी शोधून एक फर्मवेअर उतरवलं. त्यावरचं मॉडेल आणि ड्राइव्हवरचं मॉडेल सारखंच होतं, शेवटचं एक अक्षर तेवढं वेगळं. थंड मुलखातल्या माणसानं बजावलं होतं, अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. अप्पांनी हात झटकला. "येका अक्षरानं काय हुतंय? गोरा माणूस लई भितो." त्यांनी ते फर्मवेअर भरलं. ड्राइव्हनं एक उचकी दिली, पुढचा दिवा लाल झाला आणि लालच राहिला. ट्रे उघडेना, आवाज येईना. चांगली जिवंत ड्राइव्ह अप्पांनी स्वतःच्या हातानं गार केली.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर ते गप्प होते. प्रेमाबाईंनी वाढता वाढता विचारलं, "काय झालं वो?"

"काय न्हाय."

"त्या माणसाचा आवाज ऐकवायचा म्हून तुमी महिनाभर घसा कोरडा करून घेतलाव. त्याला काय पायजे ते तरी इचारलाव का कधी?"

"त्याला बोलता येतंय व्हय?"

प्रेमाबाईंनी त्यांच्या ताटात भाकरी टाकली.

अप्पांनी नाक मुठीत धरून त्या परक्या माणसाला पुन्हा लिहिलं. त्याचं उत्तर आलं ते भलं लांबलचक. मोबाइलवर भाषांतर करून अप्पांनी ते वाचलं. अर्ध्या उत्तरात नुसता पाणउतारा होता : सांगितलेलं ऐकायचं नसेल तर माणसं विचारतात कशाला, वगैरे. खाली मात्र योग्य फर्मवेअर होतं, आणि मेलेली ड्राइव्ह उठवायचा एक जुना प्रोग्रामही. तो प्रोग्राम फक्त जुन्या विंडोजवर चालणार होता. अप्पांना उलट बोलायला समोर कुणी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाचं तरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

जुनी विंडोज अख्ख्या मुरुमात एकाच जागी उरली होती, यार्डाच्या वजनकाट्यावर. तिथला शिवपुत्र अप्पांच्या नात्यातला. सोयाबीनचा हंगाम, ट्रॅक्टरांची ही रांग लागलेली, आणि काट्याच्या कॉम्प्युटरला अप्पांनी आपली ड्राइव्ह जोडलेली. ट्रॅक्टरवाले हॉर्नवर हात ठेवून बसले.

"अप्पा, किती येळ? लोक मला हाणत्याल!"

"मधीच बंद केलं तर ही कायमची मरंल. गप ऱ्हा."

वीज गेली नाही, हा त्यांच्या आयुष्यातला एक चमत्कारच. लाल दिवा हिरवा झाला. अप्पांनी बाहेर येऊन ट्रॅक्टरवाल्यांकडं विजयी मुद्रेनं बघितलं. त्यांनी अप्पांना काय काय म्हटलं, ते इथं लिहिण्याजोगं नाही.

दुकानात येऊन त्यांनी डबी घातली. घरघर झाली. कृपया डिस्क घाला.

अप्पा खाली बसले. समोर नबीलालभाई होते. दोन दिवसांच्या रुसव्यानंतर ते आपणहून परत येऊ लागले होते. अप्पांना त्यांच्या नजरेला नजर देववेना. मनातून त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटली की ते चिडतात. "डिस्कच खराब झाली आसंल," ते म्हणाले. "जाऊ दे. सुनेला म्हणावं, होता आवाज."

नबीलालभाई उठले नाहीत. ते तसेच ड्राइव्हकडं बघत बसले.

आठवड्यात खंडेनवमी आली. वाचो न वाचो, पूजा चुकवून चालणार नव्हतं. अप्पांनी झेरॉक्सच्या मशीनला पट्टे ओढले, कॉम्प्युटरला ओढले, ड्राइव्हचा ट्रे बाहेर काढला आणि विभूतीत बुडवलेली तीन बोटं त्यावर नेली. एवढ्यात नबीलालभाईंनी झडप घालून त्यांचं मनगट धरलं. असं धरलं, की अप्पांच्या हातातून कळ गेली.

"आरं, पूजा चाललीया! तुला कळतंय का न्हाय?"

हात हिसकताना विभूती ट्रेवर सांडली. ट्रेच्या कडेनं घरंगळून ती आतल्या फटीत गेली. अप्पा त्या फटीकडं बघत राहिले. मग नबीलालभाईंकडं बघितलं. त्यांनी पुन्हा तोच तळहात तोंडापाशी धरला होता, तोच ओठांचा चंबू केला होता. त्या ओठांतून वारा येत नव्हता. श्वास त्यांच्या गळ्यातल्या भोकातून ये-जा करत होता, आणि रुमाल हलत होता. या माणसाला फुंकर मारता येत नव्हती म्हणून तो अप्पांना मारायला सांगत होता, इतके दिवस.

अप्पांनी स्क्रू काढले, झाकण उचललं. आत गेल्या सगळ्या खंडेनवम्या बसलेल्या होत्या. डिस्क वाचणारी ती काचेची इवलीशी टिकली राखेखाली दिसतही नव्हती. अप्पांनी गाल फुगवून फुंकर मारली. सगळी विभूती उलटी त्यांच्या तोंडावर आली, कपाळावर, मिश्यांत, डोळ्यांत, आणि ते कोपऱ्यात जाऊन बेदम खोकले. नबीलालभाईंचे खांदे गदगदा हलत होते. आवाज नसलेलं हसणंही केवढं मोठं असू शकतं, ते अप्पांनी त्या दिवशी बघितलं. मग कापसानं, स्पिरिटनं त्यांनी ती टिकली पुसली आणि म्हणाले, "मला संशय हुताच."

दसऱ्याच्या दिवशी सगळे आले. रजियाबी, अक्रम, आणि डोक्यावरची ओढणी सावरत तबस्सुम. नबीलालभाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गळ्याला नवा रुमाल. अप्पांनी आधी उभं राहून ड्राइव्हची महती सांगितली, ती इतकी लांबली की अक्रमनं दोनदा घड्याळाकडं बघितलं. मग त्यांनी डबी ट्रेवर ठेवली. या खेपेला डिस्क घाला असं कुणी म्हटलं नाही.

पडद्यावर यार्ड उजळलं. झेंडूच्या माळा, तुरीच्या पोत्यांची थप्पी, टोप्या घातलेले अडते. मधोमध तरणेबांड नबीलालभाई. त्यांनी मूठभर तूर घेतली, फुंकर मारली, दाणे बघितले आणि छाती भरून तोंड उघडलं.

"पाडव्याच्या या मंगलप्रसंगी अवघी बाजारपेठ नववधूसमान नटली असून..."

दुकानात आवाज घुमला. तबस्सुमनं नीट कान देऊन ऐकलं.

"ह्यो अब्बांचा आवाज हाय?" तिनं विचारलं.

"न्हाय," अप्पा म्हणाले. "माझा."

"आन् अब्बांचा?"

पडद्यावर नबीलालभाईंचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, मानेच्या शिरा तटतटत होत्या, हात हवेत जात होते, आणि त्या सगळ्यावर अप्पांचं निवेदन चाललं होतं. कॅमेरा स्टँडवर लावून ते चित्राच्या कडेला पाठमोरे उभे होते आणि माइक त्यांच्याच हातात होता, त्यांच्याच तोंडापाशी. मागं कुठंतरी एक गुणगुण होती, बास. बळीराजा झाला, कृषिसंस्कृती झाली, मान्यवरांची नावं झाली. गळा शाबूत असतानाही नबीलालभाई अप्पांच्या शेजारी असेच मुके होते. तबस्सुमच्या ओठांवर ते बारीक हसू यायला लागलं. नबीलालभाईंनी ते बघितलं आणि मान खाली घातली. अप्पांना वाटलं, उठावं आणि बटण बंद करावं.

तेवढ्यात पडद्यावरच्या अप्पांना तुरीची धूळ लागली. "या सुवर्णक्षणी आपण सर्व..." म्हणता म्हणता त्यांना ठसका लागला, आणि माइक तोंडापासून दूर गेला.

"बोला ऽ ऽ! हाय का कुणी म्होरं? तूर बगा, सोनं हाय सोनं, बोला ऽ ऽ!"

टेबलावरचा लहानसा स्पीकर थरथरला. झेरॉक्ससाठी दाराशी उभा असलेला माणूस वळून आत बघायला लागला. रजियाबींनी तोंडाला पदर लावला. तबस्सुमचं हसू जागच्या जागी विरलं. ती पडद्याकडं बघतच नव्हती, स्टुलावर बसलेल्या सासऱ्याकडं बघत होती. पडद्यावरच्या अप्पांचा ठसका थांबला. "...तर रसिकहो," निवेदन पुन्हा सुरू झालं.

अप्पांनी निवेदन थांबवलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. तेव्हाची माइकची पद्धत, केबलच्या अडचणी, प्रेक्षकांची अपेक्षा, सगळं ओठांवर आलं होतं. नबीलालभाईंनी त्यांच्याकडं बघितलं. पडद्यावर थांबलेल्या, माइक धरलेल्या पंचाक्षरीअप्पांकडं बोट दाखवलं, तळहात तोंडापाशी नेला आणि ओठांचा चंबू केला.

या खेपेला अप्पांना अर्थ विचारावा लागला नाही. त्यांनी तोंड मिटलं, माउस धरला आणि तो ठसका सापडेपर्यंत चित्र मागं नेलं.